दहा कोटी एक लाख साठ हजार त्रेसष्ट

२ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७.२०

जे घडलं ते, क्रमाने, मत न घालता:

१. आज दुपारी पोस्टाने घरी एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

२. आत एक पोलादी चकती. वजन १७८ ग्रॅम. तिच्यावर आकड्यांच्या पंचने ठोकलेली एक संख्या: १००१६००६३. स्वल्पविराम नाहीत.

३. सोबत एक लाल टॅग. रिजेक्ट झालेल्या मालाला बांधतात तो. त्यावर माझी सही, अकरा महिन्यांपूर्वीची. मागच्या बाजूला धाकट्या बहिणीच्या अक्षरात: ३० तारखेच्या आत. ३१ला जहाजावर चढतेय, दोन वर्षं. नियम जुनेच.

४. धाकटी आणि मी एकाच कारखान्यात होतो. ती ग्राइंडिंग मशीनवर, मी तपासणीच्या लॅबमध्ये. तिला फोरमन करायचं की नाही, हे बारा शाफ्टच्या एका लॉटवर ठरणार होतं. व्यास साठ मिलिमीटर, त्याच्या वर एक मायक्रॉनही चालणार नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लॉट मी तपासला. बाराच्या बारा जास्त. सगळ्यात वाईट ६०.००७. लॉट रिजेक्ट केला. बहीण म्हणून कोणतीही सवलत दिली नाही.

५. धाकटी म्हणाली, ताई, ते मोठे नाहीत, गरम आहेत. मी म्हणाले, मायक्रोमीटरला कारणं कळत नाहीत.

६. तिने नोकरी सोडली. आठवड्याने घर सोडलं. तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

७. मला त्याचं विशेष काही वाटत नाही.

मुद्दा ७ हे मत नाही, निरीक्षण आहे.

७.५५. चकती मोजली. (घरी एक मायक्रोमीटर असतो. लोकांकडे छत्री असते तसा.) व्यास ५९.९९८. हद्दीत. नशीब एखाद्याचं.

३ मार्च, मंगळवार

नियम एकदा लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी वाद घालायला नको. कुणी म्हणजे मीच. ही वही दुसरं कोणी वाचत नाही.

बाबा फिटर होते. रात्रपाळी करून दुपारी झोपायचे आणि आम्ही दोघी नेमक्या तेव्हाच भांडायचो. एका दुपारी उशीतून डोकंही न काढता त्यांनी नियम केला. जिच्यावर अन्याय झाला तिने एक संख्या द्यायची. दुसरीने ती फोडायची, म्हणजे तिचे अवयव पाडायचे. फोडेपर्यंत बोलायचं नाही. फोडली की भांडण संपलं, पुन्हा तो विषय काढायचा नाही. काम कागद-पेन्सिलीने. यंत्र वापरलं तर कट्टी दुप्पट.

शेवटचा नियम धाकटीने घातला, वय वर्षं सात: कायमची कट्टी करायची असेल तर मूळ संख्या द्यायची. मूळ संख्या एक आणि ती स्वतः, एवढ्यांनीच भागली जाते. फोडूच शकत नाही कोणी. आजवर आमच्यापैकी कोणी मूळ दिलेली नाही.

म्हणजे प्रश्न साधा आहे. १००१६००६३ फुटते, की नाही? फुटली तर ती बोलायला तयार आहे. नाही फुटली तर नाही. प्रश्न पूर्णपणे तांत्रिक आहे.

पद्धत: फुटणाऱ्या संख्येचा एक तरी अवयव तिच्या वर्गमूळापर्यंत सापडतोच. दहा कोटींचं वर्गमूळ दहा हजार. आपली संख्या दहा कोटींच्या ०.१६ टक्का वर आहे. दुर्लक्ष करण्यासारखं. दहा हजारापर्यंतच्या मूळ संख्या १,२२९. बाबांच्या जुन्या हँडबुकाच्या मागे त्यांचा तक्ता आहे, २पासून ९९७३पर्यंत. लहानपणी आम्ही दोघींनी त्याच्यावर शाई सांडली होती. (धाकटीने. मी फक्त दौत धरली होती.)

रोज ६० भागाकार. २३ तारखेला काम पूर्ण. सात दिवस शिल्लक. शिस्त असली की सगळं होतं.

४ मार्च, बुधवार

२, ३, ५ नुसतं बघून बाद. अंकांची बेरीज १७.

७ने भागलं, बाकी ३. ११ने भागलं, बाकी ३. १३ने भागलं, बाकी ३. तिन्ही पुन्हा करून पाहिले. पण यात जादू नाही: संख्येला १००१ने भागलं तर बाकी ३ उरते, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. धाकटीला हे ठाऊक असणं शक्य नाही.

बाबांना दाखवलं. म्हणाले, तिघांनाही तीनच उरतात, आपण तिघं म्हणून असेल. बाबांना गणित आणि घर वेगळं ठेवता येत नाही.

उद्दिष्ट ६०. झाले २२. कारण पेन्सिल. एचबीने आकडे पसरतात. उद्या एच आणते.

६ मार्च, शुक्रवार

एच आणली. कागदाला भोकं पडतात. परत एचबी.

एक चांगला गुणधर्म सापडला. चारने भागलं की बाकी ३. अशी संख्या दोन वर्गांची बेरीज कधीच होऊ शकत नाही, कोणत्याही दोन वर्गांची. सिद्ध झालेली गोष्ट आहे. जेवताना सांगितलं. ही संख्या मुळातच एकत्र येणाऱ्यांपैकी नाही, स्वभाव दिसतो देणारीचा, असंही मी म्हणाले.

बाबा म्हणाले, बेरीज जमत नसेल तर वजाबाकी करून बघ गं. आणि मीठ दे.

मीठ दिलं.

एकूण झाले: ७१. पाहिजे होते: २४०. रविवारी भरून काढते.

८ मार्च, रविवार

दर रविवारी अकरा वाजता बाबा गॅलरीत उभे राहून धाकटीशी फोनवर बोलतात, फोन नसता तरी तिला ऐकू गेलं असतं अशा आवाजात. निश्चय: तिथे जायचं नाही.

गॅलरीच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती. तेल घातलं. पंचवीस मिनिटं लागली, नीट मुरायला हवं.

त्या ओघात कानावर आलं ते असं. ती जहाजाच्या वर्कशॉपमध्ये लागली आहे. प्रशिक्षण संपलं. पोहण्याच्या परीक्षेत दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास. बाबा म्हणाले, अगं पण तुला पोहायला येत नाही! तिकडून काहीतरी आलं. बाबा खूप हसले. मग म्हणाले, हो, इथेच आहे, दाराला तेल घालतेय.

मी लगेच तेलाची बाटली ठेवून दिली.

माझं मत: जहाजावर पोहायची गरज पडत नाही. पोहावं लागू नये यासाठीच जहाज असतं. तरी तिने तिथे न जाणं अधिक सुरक्षित. हे सर्वसाधारण विधान आहे.

भरून काढायचं राहिलं. एकूण ११८.

१० मार्च, मंगळवार

स्टोअरच्या मावशी लॅबमध्ये आल्या. रिजेक्ट मालाचं लाल रॅक त्यांच्या ताब्यात असतं. ऑडिट येतंय, रॅक रिकामं पाहिजे, साहेबांचा हुकूम. बारा शाफ्ट अकरा महिने पडून आहेत, भंगारच्या फॉर्मवर माझी सही नाही. दर महिन्याला त्या फॉर्म आणतात. दर महिन्याला काहीतरी कारण निघतं. एकदा फॉर्मचा नमुना जुना होता. एकदा तारखेचा रकाना अपुरा होता. एकदा पेन.

मावशी म्हणाल्या, आणि रॅकवर अकराच आहेत. बारावा कुठाय?

बारावा लॅबच्या दाराला टेकण म्हणून आहे. साडेचार किलो, गोल असूनही हलत नाही, मी खाली फडकं ठेवलं आहे. काम उत्तम करतो.

मावशींनी वाकून शाफ्टखालचं फडकं बघितलं. म्हणाल्या, बाई, माझ्या भाचीने नवऱ्याचा शर्ट असाच फरशी पुसायला ठेवला होता. टाकवत नाही आणि कपाटातही ठेवायचा नाही.

मी म्हणाले, ही वस्तू आहे.

म्हणाल्या, शर्टही वस्तूच होता. २४ला फॉर्म घेऊन येते. शेवटचं माप घ्यावं लागतं, रकाना आहे. विसरू नकोस.

मी काही विसरत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

आज भागाकार शून्य. कारणं:

दात. (कोणता ते नक्की सांगता येत नाही.)

शिवाय खोली. आमची खोली एक होती, मध्ये जमिनीवर चिकटपट्टी. ती गेल्यापासून तिची बाजू मोकळी आहे. मी माझ्याच बाजूला झोपते. जागेचा वापर ५० टक्के, हे गैर आहे हे मलाही कळतं. म्हणून आज ठरवून भागाकारांचे कागद तिच्या पलंगावर लावले, शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी. पलंग शेवटी उपयोगात आला. लावताना उशीखाली तिची केसांची पिन सापडली. जिथे होती तिथे ठेवली. तिच्यामुळे गठ्ठा तिरका बसतो, तरी.

चहा चुकून तिच्या मगातून प्यायले. मग धुतला. पुन्हा धुतला.

एकूण २६०. नियोजनानुसार ६६०. पण नियोजन हे दिशादर्शक असतं.

१५ मार्च, रविवार

१४० भागाकार एका दिवसात! सकाळी सातला बसले. अकरा वाजता गॅलरीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, कारण बाबा आज नेमके हळू बोलले.

जेवताना मी सहज म्हणाले, आज फोन छोटा झाला. बाबा म्हणाले, विचारायचं असेल तर विचार. मी म्हणाले, विचारायचं काहीच नाही. बाबा म्हणाले, बरं. मी म्हणाले, तिचं सामान बांधून झालं का, एवढंच. बाबा म्हणाले, तू विचारणार नव्हतीस ना? मी म्हणाले, हा प्रश्न नव्हता, वाक्य होतं.

१८ मार्च, बुधवार

सोमवारपासून दाढदुखीची रजा. कारखाना म्हणजे काही सर्वस्व नव्हे. डॉक्टरांकडे जाण्याइतकी दाढ दुखत नाही. एकूण १,०००.

हजारावी मूळ संख्या ७९१९. भागाकार १२६४८, बाकी ५५१. हात आता आपोआप चालतो. बाकी शून्य येईल अशी मी वाट बघत नाही. फक्त प्रत्येक वेळी शेवटचा आकडा लिहिण्याआधी थोडी थांबते. अचूकतेसाठी.

बाबा चहाचा कप माझ्या कागदांवर ठेवतात. २०३ क्रमांकाच्या कागदावर गोल डाग पडला. त्यांना सांगितलं की हा पुरावा आहे. म्हणाले, कशाचा?

२१ मार्च, शनिवार. दुपारी ३.०५

पूर्ण.

शेवटची मूळ संख्या ९९७३. भागाकार १००४३, बाकी १२२४. तक्ता संपला. १,२२९ भागाकार, एकदाही बाकी शून्य नाही.

१००१६००६३ मूळ आहे.

नियोजनापेक्षा दोन दिवस आधी. हे नोंदवते कारण दुसरं कोणी नोंदवणार नाही.

३.४०. धाकटीला मेसेज पाठवला. अकरा महिन्यांत पहिला. पूर्ण मजकूर: संख्या मूळ आहे. तुझं म्हणणं समजलं. ताई.

पोचल्याची खूण आली. वाचल्याची आली नाही. मग आली. मग काहीच नाही.

रात्री १०. मोकळं वाटतंय. उगाच आशेवर राहण्यापेक्षा निकाल बरा. रात्रीचं जेवण गेलं नाही, पण ते जेवणामुळे.

२२ मार्च, रविवार

गॅलरीत गेले नाही. तेल संपलं आहे.

बाबा आपणहून स्वयंपाकघरात आले. म्हणाले, तुझा मेसेज वाचून ती आधी रडली. मग हसली. मग म्हणाली, बाबा, तक्ता संपला वाटतं तिचा.

याचा अर्थ काय, असं विचारलं. बाबा म्हणाले, मी पंच. पंच बोलत नसतो. मी म्हणाले, पंच बोलत नाही तर कोण बोलतो? म्हणाले, तू फक्त सांग, मी तुला भागाकार कुठे थांबवायचा ते शिकवलं होतं की नव्हतं.

शिकवलं होतं. वर्गमूळाला थांबायचं. तिथेच थांबले. बाबांचं वय झालं आहे.

तिचं वागणं अखिलाडू आहे. मूळ देऊन वर हसायचं.

२४ मार्च, मंगळवार

मावशी फॉर्म घेऊन आल्या. सही करायच्या आधी प्रत्येक शाफ्टचं शेवटचं माप. मी मापायचं, त्यांनी लिहायचं.

पहिला दाराखालचा. फडक्याने पुसला. ५९.९९९.

मायक्रोमीटर पुसला. ५९.९९९.

मायक्रोमीटर शून्यावर तपासला, प्रमाण ठोकळ्यावर तपासला, दुसरा मायक्रोमीटर काढला. ५९.९९९. मावशी म्हणाल्या, पेन वाळतंय माझं.

बाराही मोजले. सगळ्यात लहान ५९.९९६, सगळ्यात मोठा ५९.९९९. साठच्या वर एकही नाही.

मावशींनी पेनला टोपण लावलं. म्हणाल्या, मग हे भंगारात कसे टाकायचे? हे तर चांगले आहेत.

फॉर्मवर सही केली नाही. या वेळी कारण खरं आहे.

२५ मार्च, बुधवार

शक्यता तपासल्या.

(अ) पोलाद अकरा महिन्यांत आक्रसतं का? वाचलं. एवढं नाही.

(आ) कोणी गुपचूप घासले का? दाराखाली ठेवलेला कोण घासणार? मी तिथे रोज असते.

(इ) प्रयोग. एक शाफ्ट जेवणाच्या सुट्टीत शॉपमध्ये ग्राइंडिंग मशीनजवळ ठेवला. तिथे ३१ अंश, लॅबमध्ये २०. दीड तासाने आणून लगेच मोजला. ६०.००६. तसाच लॅबमध्ये ठेवला, चार तासांनी मोजला. ५९.९९९.

(ई) चौथी शक्यता नाही.

आता मुद्दा ४मध्ये एक दुरुस्ती. लॅबचा नियम असा की शॉपमधून आलेला माल चार तास थंड होऊ द्यायचा, मग मोजायचा. सगळ्यांचा माल. त्या दिवशी पाचला मीटिंग होती, लॉट पावणेचारला आला. दुसऱ्या कोणाचा असता तर मी साहेबांना सांगितलं असतं, आज नाही, उद्या सकाळी. शंभर वेळा सांगितलंय. पण हा बहिणीचा होता. लोक म्हणाले असते, बहिणीसाठी थांबली. म्हणून वीस मिनिटांत मोजला.

सवलत दिली नाही असं मी लिहिलं आहे. जे सगळ्यांना मिळतं ते तिला दिलं नाही, असं लिहायला हवं होतं.

संध्याकाळी साहेबांना लेखी दिलं. लॉट पास, चूक तपासणीची, सही माझी. साहेब म्हणाले, बरं केलंस, पण फोरमनची जागा कधीच भरली. मग म्हणाले, ऑडिटच्या आधीच का सुचतं तुम्हाला लोकांना?

मावशींनी अकरा लाल टॅग काढले (बारावा पाकिटातून माझ्याकडे आला होता) आणि बारा हिरवे बांधले. दाराला आता वीट आहे. वीट हलते.

२६ मार्च, गुरुवार

बाबा १,२२९व्या कागदावर कप ठेवत होते. ठेवता ठेवता थांबले. म्हणाले, ९९७३ने भागून १००४३ आलेत. अजून वरच आहेत की.

मी म्हणाले, म्हणजे?

पुढे ते बोलले नाहीत. पंच. पण कप त्यांनी मुद्दाम त्या दोन आकड्यांच्या बरोबर वर ठेवला आणि खोलीतून गेले.

भागाकार भाजकाच्या खाली गेला की थांबायचं. हे त्यांनी शिकवलं होतं. ९९७३ भाजक, १००४३ भागाकार. खाली गेलाच नाही. मी वर्गमूळाला थांबले नव्हते, मी तक्ता संपला तिथे थांबले होते. दहा कोटींच्या वर ०.१६ टक्का, मी म्हटलं होतं दुर्लक्ष करण्यासारखं. साठ मिलिमीटरमध्ये सात मायक्रॉन म्हणजे ०.०१२ टक्का. त्याकडे मी दुर्लक्ष केलं नव्हतं.

दहा हजाराच्या पुढची पहिली मूळ संख्या १०००७. तक्त्याबाहेर, फक्त सातने.

भागलं. शेवटचा आकडा लिहिण्याआधी थांबले नाही. बाकी ०. भागाकार १०००९. तीही मूळ.

एक हजार दोनशे तिसावा भागाकार.

आणि तो सुद्धा करायला नको होता. संख्येत एक मिळवला की १००१६००६४, म्हणजे १०००८चा वर्ग. वर्गातून एक वजा. बाबांनी ६ तारखेला मीठ मागताना सांगितलं होतं. दोन ओळींचं काम होतं, मी एकोणीस दिवस घेतले आणि चुकले.

१०००७ आणि १०००९. जुळ्या मूळ संख्या म्हणतात अशांना. दोघीही कुणाला भाग जाऊ न देणाऱ्या, आणि मध्ये एकच: १०००८. तिला दोनने भाग जातो, तीनने, चारने, सहाने, आठने, नऊने. कुणालाही नाही म्हणत नाही. ती संख्या आत्ता बाहेरच्या खोलीत पेपर वाचते आहे.

धाकटीला तक्ता कुठे संपतो ते माहीत होतं. मी कुठे थांबेन तेही. तिने मला फक्त एक पाऊल पुढे टाकायला सांगितलं होतं. आणि मी तिला कळवलं की तुझी कट्टी पोचली.

२७ मार्च, शुक्रवार. सकाळी ८.१५

पंचांना विचारलं: एकदा मूळ जाहीर केल्यावर पुन्हा फोडता येते का? नियमात नाही. बाबा म्हणाले, नियम मी झोपेत केला होता.

धाकटीला द्यायच्या उत्तराचा पहिला मसुदा: अकरा मुद्दे, दोन तक्ते, तापमानाचा आलेख. बाबांनी वाचला. म्हणाले, हे तिला ऑडिटला पाठवायचंय का? आणि सॉरी कुठेय? मी म्हणाले, मुद्दा ९मध्ये अभिप्रेत आहे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. बाबा असं फारसं बघत नाहीत.

दुसरा मसुदा: सात मुद्दे.

तिसरा खाली. हाच पाठवते.

धाकटे,

१००१६००६३ = १०००७ × १०००९. मूळ नाही. शनिवारी कळवलं ते चूक.

बारा शाफ्ट थंड करून मोजले. बाराही बरोबर. ते गरम होते. तू सांगितलं होतंस. चार तास सगळ्यांना देते, तुला दिले नाहीत. सॉरी. साहेबांना लेखी दिलं आहे, पण जागा दुसऱ्याला गेली, ती मला परत आणता येणार नाही.

तुझ्या पलंगावर कागद होते, ते उचललेत. पिन उशीखालीच आहे.

३१च्या आधी घरी येणार का, ते रविवारपर्यंत, २९ तारखेपर्यंत, कळव.

ताई